पन्नास फेऱ्यांचं हँडल

लातूरच्या विमानतळावरच्या एका खोलीत माझ्या डोक्याला गुलाबी फेटा बांधला जात होता, आणि बाहेर उन्हात उभ्या असलेल्या आमच्या विमानाची बॅटरी त्याच वेळी मरत होती. दोन्ही कामांना मिळून पन्नास मिनिटं लागली. फेटा दोन मिनिटांत बांधून झाला. उरलेली अठ्ठेचाळीस भाषणांना गेली.

मी पायलट आहे. मोठ्या एअरलाइनचा नव्हे. एका गृहस्थांच्या मालकीचं सहा सीटचं, दोन इंजिनांचं छोटं विमान चालवतो. वयाने ते विमान माझ्या मुलीपेक्षा मोठं आहे आणि स्वभावाने तिच्यापेक्षा शांत. मालकांना सगळे साहेब म्हणतात, म्हणून मीही साहेबच म्हणतो. शाळा, कॉलेजं, वसतिगृहं असा त्यांचा पसारा आहे. आमच्या मुखेड तालुक्यातही त्यांची एक शाळा आहे. त्या दिवशी लातूरला सत्कार, तिथून विमानाने नांदेड, आणि नांदेडहून जीपने हिमायतनगर, असा कार्यक्रम होता. हिमायतनगरला मुलींच्या नव्या वसतिगृहाचं उद्घाटन होतं.

साहेबांच्या मागे कायम एक पाऊल अंतर राखून चालणारा माणूस म्हणजे बालाजी. त्यांचा पीए. चाळिशीचा, अंगाने भरलेला, दोन मोबाईल, तोंडात एकच वाक्य. साहेब म्हणाले, "ते पत्र गेलं का?" की हा म्हणणार, "झालं साहेब." गाडी आली का? झालं साहेब. मंडप? झालं साहेब. सुरुवातीला मला वाटायचं, काय कामाचा माणूस आहे! मग कळलं की हा उत्तर देतच नाही. शिंक आल्यावर माणूस नाक पुसतो, तसं साहेब बोलले की हा 'झालं' म्हणतो. कामाचा आणि त्या शब्दाचा काही संबंध नसतो.

तर सत्कार. आमच्याकडे सत्कार हा आजार आहे आणि त्यावर औषध नाही. निवडून आला सत्कार, पडला सत्कार, परदेशी गेला सत्कार, परत आला सत्कार. साहेब लातूरला उतरले एवढ्यावर सत्कार होता. त्यात कोणाच्या तरी डोक्यात आलं की पायलटचाही करून टाकू. नियम असा की पायलटने सगळं बंद करून, दार लावून मगच विमान सोडायचं. मी बंद केलं सगळं. दार मात्र लावलं नाही. कारण फेटा घेऊन दोन माणसं पंखाजवळच उभी होती, हात जोडून, "चला की क्याप्टन साहेब" म्हणत. मला कोणी साहेब म्हटलं की मी पाघळतो. हे मी आजही कबूल करतो, आणि आजही मला त्याची चीड येते.

मी गेल्यावर बालाजी व्हिडिओवाल्याला घेऊन विमानाकडे आला. बंद विमान कॅमेऱ्यात चांगलं दिसेना. मग तो आत चढला. माझ्या शेजारी बसून बसून त्याला विमानाची सगळी वीज चालू करणारा मास्टर स्विच माहीत झाला होता. त्या स्विचला किल्ली लागत नाही. त्याने तो चालू केला, आणि दिसतील तेवढे दिवेही. पुढचे दोन मोठे लँडिंग लाईट, पंखांवरचे लाल-हिरवे, शेपटीवरचा फिरता. इंजिन बंद, दिवे चालू. रील झाली. दिवे तसेच राहिले.

मी फेटा सांभाळत परत आलो तेव्हा दिव्यांचा रंग जुन्या कंदिलासारखा झाला होता.

"कोणी चालू केलं हे?"

"व्हिडिओसाठी, क्याप्टन," बालाजी म्हणाला. "बंद विमान मेल्यावानी दिसून राहिलं होतं."

"आता खरंच मेलं."

इथे दोन शब्द विजेबद्दल सांगतो. विमानाच्या प्रत्येक इंजिनाला एक अल्टरनेटर असतो. तो वीज तयार करतो. बॅटरी ती साठवून ठेवते. घरची बोअरची मोटर आणि गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. मोटर चालू आहे तोवर टाकी रिकामी असली तरी नळाला पाणी येतं. पण मोटर बंद पडली की टाकीत असेल तेवढंच. आमची टाकी कोरडी होती. अशा वेळी पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की बॅटरी काढा, नीट चार्ज करा, मग उडा. त्याला निम्मा दिवस लागतो. आमची चार्ज करायची गाडी नांदेडला होती.

साहेब घड्याळ पाहत उभे होते. "क्याप्टन, हिमायतनगरला पाच वाजता लोक बसलेले असतील. मुली आल्यात गावागावांतून, पेट्या घेऊन. काय ते लवकर सांगा."

एका कार्यकर्त्याने सुचवलं की ट्रॅक्टरच्या दोन बॅटऱ्या जोडून धक्का देऊ. बारा आणि बारा चोवीस, आणि आमचं विमानही चोवीस व्होल्टचं. गणित बरोबर होतं, हेच वाईट झालं. चुकलं असतं तर मी सुटलो असतो. बॅटऱ्या आल्या, वायरी आल्या, उजवं इंजिन सुरू झालं, त्याच्या जोरावर डावं सुरू झालं. दोन्ही अल्टरनेटर वीज देऊ लागले. मी चेकलिस्ट वाचत गेलो. 'बॅटरी' या ओळीवर आलो. काटा सांगत होता की बॅटरी अधाशासारखी वीज ओढतेय, म्हणजे आत काही नाही. नांदेड पंचवीस मिनिटांवर. दिवस लख्ख. मी बोट पुढच्या ओळीवर नेलं.

त्या दिवसातलं पहिलं 'झालं' बालाजीचं नव्हतं. ते माझं होतं.

उडाल्यावर अकरा मिनिटांनी, अहमदपूर खाली दिसत असताना, डाव्या अल्टरनेटरचा दिवा लागला. हे तसं किरकोळ असतं. एक गेला तर दुसरा असतो. चेकलिस्टप्रमाणे मी तो बंद केला, पुन्हा चालू केला. हा प्रयोग एकदाच करायचा असतो. तो लागला नाही. म्हणजे आता सगळा भार उजव्यावर. भुकेली बॅटरी, एसी, रेडिओ, आणि मागे बालाजीने लावलेले दोन चार्जर आणि एक टॅब्लेट, ज्यावर ती रील अपलोड होत होती. मी एसी बंद केला.

मागून लगेच आवाज आला, "एसी का बंद केला?" हे साहेब.

"बालाजी, चार्जर काढा सगळे."

"झालं, क्याप्टन."

मी मान वळवून पाहिलं. चार्जर तसेच होते. मी स्वतः त्या बाजूचा स्विच बंद केला आणि नांदेडच्या टॉवरला कळवलं की आमची वीज जाण्याची शक्यता आहे, रेडिओ गेला तर दिव्याच्या खुणेने उत्तर द्या. टॉवरकडे एक मोठी टॉर्च असते. स्थिर हिरवा प्रकाश दाखवला की उतरा. रेडिओच्या आधीच्या काळातली पद्धत आहे, पण तिला वीज विमानातली लागत नाही. एवढं एक काम मी त्या दिवशी वेळेवर केलं.

तीन मिनिटांत उजवा अल्टरनेटरही गेला. एकट्याने सगळ्यांचं ओढून ओढून तापला असणार. बॅटरीने दहा-बारा सेकंद तग धरला. मग रेडिओत खरखर झाली, समोरचे दिवे एकेक करून विझले, इंधनाचे काटे खाली पडले.

बालाजीने देवाचं नाव घेतलं. साहेबांनी मात्र माझं घेतलं, आणि आवाज बारीक होता. "क्याप्टन, इंजिन?"

"इंजिन चालू राहणार, साहेब. त्याच्या ठिणगीची वीज वेगळी. इंजिनावरच छोटं यंत्र असतं, मॅग्नेटो म्हणतात. इंजिन फिरतंय तोवर ते फिरतं. बॅटरी मेली काय, जगली काय."

हे खरं होतं. उजेडात, चांगल्या हवेत, वीज गेलेलं विमान पडत नाही. खालचा रस्ता दिसत होता, बालाघाटच्या टेकड्या दिसत होत्या, होकायंत्र होतं. मला काळजी एकाच गोष्टीची होती. चाकांची. उडाल्यावर चाकं पोटात जातात आणि उतरताना बाहेर येतात. आमच्या विमानात ते काम इलेक्ट्रिक मोटर करते. मोटर गेली तर एक हँडल आहे. पुढच्या सीटच्या मागे, जमिनीलगत, एका झाकणाखाली. ते उलट्या दिशेने पन्नास फेरे फिरवायचं. पन्नास झाले की हँडल घट्ट थांबतं, म्हणजे चाकं पूर्ण उतरून लॉक झाली. अर्धवट उतरलेली चाकं न उतरलेल्यांपेक्षा वाईट. टेकताच दुमडतात, विमान एका बाजूला कलतं, पंख घासतो, आणि पंखात पेट्रोल असतं.

नेहमी चाकं लॉक झाली की समोर तीन हिरवे दिवे लागतात. आता ते लागणार नव्हते. धोक्याचा भोंगाही वाजणार नव्हता. म्हणजे चाकं उतरली की नाही हे मला सांगणार होतं कोण? हँडलाजवळ बसलेला माणूस. तिथे बसला होता बालाजी.

लोहा मागे पडल्यावर मी वेग कमी केला, चाकांच्या मोटरचा ब्रेकर ओढून तिची वीज तोडली, चाकांचा लीव्हर खाली केला.

"बालाजी, पायाजवळचं झाकण काढा. आत हँडल आहे. उलटं फिरवायचं. पन्नास फेरे. पन्नासाव्याला अडकेल. मध्ये थांबायचं नाही आणि मोजायचं."

"हाव, क्याप्टन."

उतरायच्या तयारीत मी आता मागे पाहू शकत नव्हतो. पण जागा एवढी अडचणीची की प्रत्येक फेऱ्याला त्याचं कोपर माझ्या सीटच्या पाठीला लागायचं. धप. धप. मी मोजत गेलो. पहिले पंधरा झपाट्याने झाले. विसानंतर धापा ऐकू येऊ लागल्या. पंचविसाला एकदा थांबला. मग पुन्हा. तिसावा. एकतिसावा धक्का बसला आणि नंतर काही नाही.

मागून आवाज आला.

"झालं साहेब."

तो माझ्याशी बोलतच नव्हता. मरणाच्या दारातही त्याला रिपोर्ट साहेबांनाच द्यायचा होता.

"किती फेरे झाले?" मी विचारलं.

"पन्नास."

"हँडल अडकलं का?"

"हाव. अडकलं की."

"साहेब," मी म्हणालो, "एकतीस झालेत. मी मोजलेत. चाकं अर्धवट आहेत."

"न्हाई साहेब, झालंय. क्याप्टन घाबरून राहिलेत."

समोर गोदावरी दिसू लागली होती. साहेब म्हणाले, "क्याप्टन, बालाजी म्हणतोय झालं, तर झालं असेल. बारा वर्षं हाय तो माझ्याकडं."

मला त्या क्षणी जो संताप आला तो कागदावर उतरत नाही. चार हजार तास उडालेला माणूस सांगतोय की एकतीस, आणि हे बारा वर्षांच्या 'झालं'वर जीव टाकायला तयार! स्वतःचा तर टाकाच, पण माझाही?

"बरं," मी म्हणालो. "मग तुम्ही फक्त हात लावून बघा. झालं असेल तर हँडल हलणारच नाही. कष्ट पडणार नाहीत."

बरीच सळसळ झाली. साहेबांचे कपडे कायम पांढरेशुभ्र आणि कडक. चप्पलसुद्धा दुसरा कोणी समोर ठेवतो. ते गृहस्थ विमानाच्या जमिनीवर गुडघे टेकून बसले. बालाजी "साहेब, तुम्ही कशाला, साहेब" करत होता.

धप.

माझ्या सीटला धक्का बसला. हँडल फिरलं होतं.

मग पुन्हा धप. आणि मग साहेबांचा आवाज, जाड, चढलेला. "दोन." धप. "तीन." हे मोजणं मला आयुष्यभर ऐकू येत राहील. माझे वडील विहिरीवरचं डिझेल इंजिन हँडल मारून सुरू करायचे, तसाच दम त्या आवाजात होता. हा माणूस कधीकाळी शेतकरी होता हे मला पहिल्यांदा जाणवलं. दहानंतर हँडल जड होतं, कारण चाकं हवेच्या जोरात येतात. "चौदा." मी वेग आणखी उतरवला. "सतरा." मधे बराच वेळ गेला. "अठरा." मग दातओठ खाऊन, "एकोणीस. अडकलं. क्याप्टन, आता हलत न्हाई."

"जोर लावून बघा."

"सांगतोय न हलत न्हाई!"

एकतीस आणि एकोणीस पन्नास. मी टॉवरच्या बाजूने खालून एक चक्कर मारली, पंख हलवून दाखवले. टॉवरच्या काचेतून हिरवा प्रकाश आला. स्थिर. आमच्या विमानाचे फ्लॅप, म्हणजे पंखांमागचे वेग कमी करायचे पट्टे, तेही विजेवर चालतात, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त वेगाने उतरावं लागणार होतं. उतरलो. चाकं टेकली. मेन चाकं टिकली. नाक खाली आलं, पुढचं चाकही टिकलं. विमान धावपट्टीच्या शेवटाजवळ थांबलं. मी इंजिनं बंद केली, मास्टर स्विच बंद केला, तो आधीच मेलेला होता तरीही.

सगळ्यात आधी खाली उतरला बालाजी. फोनला रेंज आली होती. मी ऐकलं ते असं. "अरे, साहेबांनी स्वतः चाकं काढली! स्वतः! हाताने! टाका ग्रुपवर." यातला एकही शब्द खोटा नव्हता.

नांदेडलाही शाल-नारळ घेऊन माणसं उभी होतीच. साहेबांनी शाल घेतली, नारळ घेतला नाही. उजव्या तळहाताला तीन मोठे फोड आले होते. ते हाताकडे पाहत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "क्याप्टन, तुम्ही चला जीपमधी. मोजायला माणूस लागंल."

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, अभिमान वाटला. वाटलं, चला, पंचावन्नाव्या वर्षी का होईना, एका माणसाचे डोळे उघडले.

हिमायतनगरला पोचलो तेव्हा मंडप भरला होता. वसतिगृह दोन मजली, पिवळा रंग, झेंडूच्या माळा. एका बाजूला पन्नासेक मुली बसल्या होत्या, नवीन युनिफॉर्ममध्ये, पत्र्याच्या पेट्यांवर. त्यांचे आईबाप मागे उन्हात. त्यांना त्याच संध्याकाळी आत राहायला जायचं होतं. साहेब फितीकडे गेलेच नाहीत. मागच्या दाराने आत शिरले. मी आणि बालाजी मागे. ते थेट न्हाणीघरांच्या ओळीकडे गेले आणि पहिला नळ डाव्या हाताने फिरवला.

फस्स. हवा आली.

दुसरा. हवा. तिसरा फिरवला तर नळच हातात आला. मी मोजत होतो, मला त्यासाठीच आणलं होतं. वरच्या मजल्यावर गेलो, तर जिन्याला कठडा नव्हता, कठड्याच्या जागी झेंडूची माळ ताणून बांधली होती. चोवीस नळ. पाणी शून्य.

"बालाजी," साहेब म्हणाले, "परवा काय म्हणाला होतास?"

"झालं साहेब. फक्त लाईन जोडायची राहिली. आन् ते कठड्याचं. बाकी समदं झालंय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "एकतीस, साहेब."

त्यांना कळलं. मला पक्कं माहीत आहे की कळलं, कारण मान खाली गेली. खाली माईकवर कोणीतरी "साहेब आपल्यात आलेले आहेत" असं ओरडत होतं. बँड सुरू झाला. साहेब जिन्याच्या मधोमध थांबले. खिडकीतून मंडप दिसत होता, खुर्च्या, कॅमेरे, पेट्यांवर बसलेल्या मुली. बालाजी कात्रीचं तबक घेऊन एक पाऊल मागे उभा होता.

ते खाली उतरले. उजव्या हाताला फोड होते म्हणून साहेबांनी कात्री डाव्या हातात घेतली आणि फीत कापली.

टाळ्या झाल्या. भाषणात ते म्हणाले की आज एक स्वप्न पूर्ण झालं. मुली पेट्या उचलून आत गेल्या. मी बाहेर येऊन सांगितलं, तिथल्या एका शिक्षिकेला, दोन-तीन बापांना, की नळाला पाणी नाही, जिन्याला आधार नाही, लेकरांना वर झोपवू नका. एका बापाने पागोटं सारखं करत मला विचारलं, "तुमी कोन?" म्हटलं, पायलट. तो हसला आणि टँकर कुठे मिळतो ते विचारायला गेला.

विमानाचा रिपोर्ट मी लिहिला. 'किरकोळ बिघाड' असं लिहा, अशी विनंती आली होती, बालाजीमार्फत. मी सगळं लिहिलं. उघडं दार, फेटा, ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या, आणि चेकलिस्टवरून पुढे सरकलेलं माझं बोट. माझं लायसन तीन महिने गेलं. ते रास्त होतं. त्या तीन महिन्यांत मला एकाही सत्काराचं बोलावणं आलं नाही.

आता मी विमानातून शेवटी उतरतो. दार लावतो, त्याचं हँडल ओढून बघतो. कोणी 'झालं' म्हटलं की 'किती' विचारतो, आणि त्यामुळे माझ्याशी फारसं कोणी बोलत नाही. साहेबांच्या हाताचे फोड आठवड्यात बरे झाले. बालाजी अजून त्यांच्यामागे एक पाऊल अंतरावर आहे.

वसतिगृहाला पाणी आलं, असं मला दिवाळीनंतर कळलं. पण ते बालाजीने सांगितलं.